एस्ते घराणे: एक वंश, दोन धनी

इटलीतल्या पादुआच्या नैऋत्येला एस्ते नावाचे गाव आहे. त्यावरून नाव पडलेल्या घराण्याची वंशावळ वाचताना प्रत्येक किताब कोणत्या शहराचा आणि तो कोणी दिला, हे आधी पाहावे. १५९८ मध्ये फेरारा हे शहर घराण्याच्या हातचे का गेले, याचे उत्तर तिथेच आहे.

मूळ पुरुष आल्बेर्तो आत्झो दुसरा (मृत्यू १०९७). त्याच्या दोन बायकांपासून दोन शाखा झाल्या. कुनिगुंडे ही वेल्फ घराण्याची. तिचा मुलगा वेल्फ १०७० मध्ये बव्हेरियाचा ड्यूक झाला. १७१४ साली ब्रिटनच्या गादीवर बसलेला हानोव्हरचा पहिला जॉर्ज याच शाखेतला. दुसरी बायको गार्सेंद हिचा मुलगा फुल्को इटलीत राहिला आणि पुढचे एस्ते त्याचे वंशज. आत्झो, ओबिझ्झो ही नावे सारखी येतात. क्रमांकासोबत मृत्यूचे वर्ष लिहून ठेवले नाही, तर आजोबा-नातवांची हमखास गल्लत होते.

१२६४ मध्ये फेरारा ओबिझ्झो दुसऱ्याकडे आले. तो आत्झो सातव्याचा नातू, पण स्वतः अनौरस. त्याला औरस ठरवून घ्यावे लागले होते. मोदेना १२८८ मध्ये आणि रेज्जो १२८९ मध्ये मिळाले. अनौरसपण तेव्हा गादीच्या आड येत नसे. निक्कोलो तिसऱ्यानंतर (मृत्यू १४४१) लिओनेल्लो आणि बोर्सो हे त्याचे अनौरस मुलगेच लागोपाठ गादीवर बसले. एर्कोले या औरस मुलाची पाळी १४७१ मध्ये आली.

खरी मेख बोर्सोच्या किताबांत आहे. मोदेना-रेज्जो ही पवित्र रोमन साम्राज्याची जहागीर, म्हणून तिथला ड्यूक त्याला १४५२ मध्ये सम्राट फ्रेडरिक तिसऱ्याने केले. फेरारा मात्र पोपच्या मालकीचे. तिथला ड्यूक तो १४७१ मध्ये पोप पॉल दुसऱ्याकडून झाला. माणूस एक, पण धनी दोन आणि वारसाचे नियमही दोन.

१५६७ मध्ये पोप पायस पाचव्याने फर्मान काढून पोपच्या जहागिरींतून अनौरसांना वगळले. १५९७ मध्ये आल्फोन्सो दुसरा निपुत्रिक वारला. त्याने वारस नेमलेला चुलतभाऊ चेझारे हा आल्फोन्सो पहिला आणि लॉरा दियांती यांचा नातू. त्या दोघांचे लग्न झाले होते की नाही, यावरच सगळा वाद होता. पोप क्लेमेंट आठव्याने ते मानले नाही आणि १५९८ मध्ये फेरारा परत घेतले. सम्राट रुडॉल्फ दुसऱ्याने मात्र त्याच चेझारेला मोदेना आणि रेज्जोचा ड्यूक म्हणून मान्यता दिली. दरबार मोदेनाला हलला आणि या शाखेचा पुरुषवंश १८०३ पर्यंत, एर्कोले तिसऱ्याच्या मृत्यूपर्यंत चालला.