जॉब पाहिला, पण करताना कोणी पाहिलं?

जोडारी म्हणजे फिटर व्यवसायाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत बहुतेक वेळा मेल-फिमेल फिटिंग येतं. माइल्ड स्टीलचे दोन तुकडे. एकात खाच कापायची, दुसऱ्याला उंचवटा ठेवायचा आणि तो त्या खाचेत बसवायचा. मार्किंग, हॅकसॉ, ड्रिल, फायलिंग सगळं दिलेल्या वेळात उरकून जॉब, म्हणजे तयार झालेली वस्तू, टेबलावर ठेवायचा. परीक्षक व्हर्निअर हे बारीक मापं घ्यायचं साधन लावून मोजतो, मग जॉबला ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, टेकवून तो खिडकीकडे धरतो. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की कोन चुकला.

ही तपासणी खरी आहे, तिथे कोणाची मेहरबानी चालत नाही. पण व्हर्निअर फक्त झालेलं काम मोजतो. मुलाने मूठ नसलेली कानस वापरली का, माप बिघडल्यावर दुसरा तुकडा मागून घेतला का, शेजाऱ्याने हात लावला का, हे जॉबवर कुठेही उमटत नाही. आयटीआयमध्ये निदेशक म्हणून मी बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत. माझ्या मते आपल्याकडच्या व्यवसाय परीक्षांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो: काम होताना बघायचं, की झाल्यावर?

उमेदवारीच्या जुन्या रीतीत हा प्रश्नच नव्हता. सुताराच्या, लोहाराच्या हाताखाली पोरगा वर्षानुवर्षं राबायचा. उस्ताद त्याला रोज बघत असे, आणि एखाद्या दिवशी न सांगता अवघड काम त्याच्या पुढ्यात टाकत असे. तीच परीक्षा. दोष होता तो वेगळाच. उस्तादाचा शब्द गावाबाहेर चालत नव्हता, आणि कोणाला हाताखाली घ्यायचं हे जात ठरवत होती. त्या रीतीबद्दल हळहळताना हे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यांना कारागीर हवे होते, आणि एका राज्यातला फिटर दुसऱ्या राज्यात फिटर म्हणूनच ओळखला जायला हवा होता. 1950 साली केंद्राने शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. 1956 मध्ये आयटीआयचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला. अभ्यासक्रम आणि दर्जा देशभर एक राहावा म्हणून त्याच वर्षी राष्ट्रीय परिषद उभी राहिली, तीच पुढे एनसीव्हीटी या नावाने ओळखली गेली. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेमागचा विचार असा: शिकवणारा जवळचा, प्रमाणपत्र देणारा दूरचा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यातल्या प्रशिक्षणालाही कायद्याची चौकट दिली. उस्तादाचा शब्द जिथे पोचत नव्हता, तिथे हा कागद पोचला. गरिबाघरच्या मुलामुलींसाठी ही फार मोठी गोष्ट होती, आजही आहे.

पण लाखो मुलांची परीक्षा एका साच्यात घ्यायची म्हटलं की जे मोजायला सोपं तेच मोजलं जातं. लेखी भाग हळूहळू पर्यायी प्रश्नांकडे सरकला आणि आता संगणकावर गेला. 2013 मध्ये सत्र पद्धत आली, 2018 मध्ये पुन्हा वार्षिक झाली. पर्यायी प्रश्नाचा निकाल लवकर लागतो आणि वशिला चालत नाही, हे मान्य. मात्र ‘कोणती कानस वापराल’ याला चारांतला बरोबर पर्याय निवडणं वेगळं आणि टूलबॉक्समधून बरोबर कानस उचलणं वेगळं. हा फरक व्यवस्थेलाही ठाऊक आहे, म्हणूनच प्रात्यक्षिकात पास व्हायला 60 टक्के लागतात आणि बाकी विषयांत 33.

दरम्यान ब्रिटनमध्ये दुसरंच वारं सुटलं होतं. 1986 साली तिथे व्यावसायिक पात्रतांसाठी राष्ट्रीय परिषद नेमली गेली. तिची भूमिका अशी, की माणूस कुठे आणि किती काळ शिकला हे विचारू नका, त्याला काय करता येतं ते तपासा. त्यासाठी प्रत्येक कामाची कसोटी लिहून काढायची. तिथल्या शिक्षणतज्ज्ञ अ‍ॅलिसन वुल्फ यांनी त्यातली मेख दाखवली. शब्द कितीही काटेकोर केले तरी दोन परीक्षक ते आपापल्या अनुभवाने वाचतात. मग आणखी शब्द वाढवावे लागतात, आणि याद्या लांबत जातात. आपल्याकडे डिसेंबर 2013 मध्ये कौशल्य पात्रता चौकट आली ती याच विचारावर. 2015 पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अल्प मुदतीचे वर्ग सुरू झाले, आणि तिथे मूल्यमापन बाहेरच्या संस्थांकडे गेलं. शिकवणारा आणि तपासणारा वेगळा, हे तत्त्व चांगलंच. पण 2016 मध्ये नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने या यंत्रणेतल्या हितसंबंधांवर स्पष्ट बोट ठेवलं. डिसेंबर 2018 मध्ये एनसीव्हीईटी ही व्यवसाय प्रशिक्षणाची नियामक परिषद अधिसूचित झाली. मूल्यमापन संस्थांना मान्यता देणं आणि त्यांच्यावर नजर ठेवणं हे आता तिचं काम आहे.

जर्मनीचा रस्ता मला जास्त पटतो. 1969 च्या तिथल्या कायद्याने परीक्षा समितीत किमान तीन माणसं ठरवली: मालकांकडचा एक, कामगारांकडचा एक आणि व्यवसाय शाळेचा शिक्षक. एकाच जॉबकडे तीन जागांवरून पाहिलं जातं. 1987 मध्ये धातू आणि विजेच्या व्यवसायांची फेररचना झाली, तेव्हा कामाची आखणी, ते पार पाडणं आणि आपलंच काम तपासणं, हे तिन्ही शिकाऊ उमेदवाराने स्वतः करायचं असं ठरलं.

आपल्या आयटीआय अभ्यासक्रमातही याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे, फक्त तिच्याकडे कोणाचं फारसं लक्ष जात नाही. वर्षभराच्या मूल्यमापनात नुसती अचूकता नाही, तर सुरक्षिततेची जाण, मिळून काम करणं, भंगार कमी करणं आणि त्याची नीट विल्हेवाट, नियमितपणा हेही धरायचं आहे. 60 ते 75 टक्के गुणांच्या गटात मदत अधूनमधून लागली तर चालते, 90 च्या वर ती जवळपास लागताच कामा नये. म्हणजे कोणाला किती वेळा हात द्यावा लागला हे निदेशकाने बघितलेलं असलं पाहिजे. पण ही नोंद त्या त्या दिवशी झाली तरच तिला अर्थ. वर्षअखेरीस एका बैठकीत सगळ्या बॅचचे रकाने भरले जाताना मी एका ठिकाणी पाहिले आहेत, आणि ते पाहून फार वाईट वाटलं.

माझ्या बॅचमध्ये मी एक पद्धत ठेवली आहे. जॉब माझ्याकडे देण्याआधी प्रत्येकाने तो स्वतः मोजायचा, मापं चिठ्ठीवर लिहायची, मगच मी व्हर्निअर लावणार. मागच्या वर्षी एका मुलाच्या ड्रॉइंगवर 50 मिलिमीटर होतं, सूट अधिक-उणे 0.04. त्याने चिठ्ठीवर लिहिलं 49.92. मी मोजलं, 49.92. माप गेलं, त्याचे गुण कापावे लागले. चिठ्ठीसाठी गुणपत्रकात रकाना नाही. ती मी जॉबला तारेने बांधली, जॉबला तेलाचा हात दिला आणि कपाटात ठेवून दिला.