भरावभूमी क्षमता नियोजन

भरावभूमी क्षमता नियोजन म्हणजे शहरात रोज निघणाऱ्या घनकचऱ्यापैकी प्रक्रियेनंतरही उरणारा भाग पुढची वीस-पंचवीस वर्षे कुठे, किती उंचीपर्यंत आणि कोणाच्या पैशाने पुरायचा, याचा स्थानिक स्वराज्य संस्थेने आधीच मांडून ठेवलेला हिशेब. भारतात ७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) घनकचरा व्यवस्थापन हा विषय बाराव्या अनुसूचीत घालून नगरपालिका-महानगरपालिकांकडे दिला. मुंबईत तर १८८८च्या महापालिका कायद्यापासूनच ते बंधनकारक कर्तव्य आहे. कर्तव्य कोणाचे यावर वाद नाही, पण ते पार पाडायला लागणारी जमीन मात्र पालिकेच्या हातात नसते. सरकारी जमीन महसूल खात्याची, खारफुटी वन खात्याची, परवानगी प्रदूषण नियंत्रण मंडळाची आणि शेजारचे रहिवासी न्यायालयात. त्यामुळे हे नियोजन कागदावर पालिकेचे असले, तरी महाराष्ट्रात त्याचे खरे टप्पे बहुतेक वेळा न्यायालयाच्या तारखांनी आणि गावकऱ्यांच्या रास्ता रोकोने ठरले आहेत.

हिशेब कसा मांडतात

क्षमता घनमीटरमध्ये मोजतात. एकरांचा आकडा फसवा असतो, कारण त्याच जमिनीवर दहा मीटर भराव होतो की तीस, यावर तिचे आयुष्य ठरते. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या घनकचरा नियमपुस्तिकेत त्याचे साधे गणित दिले आहे. दाबून बसवलेल्या कचऱ्याची घनता दर घनमीटरला सुमारे ०.८५ टन धरायची. रोज वर पसरायच्या मातीसाठी दहा टक्के जागा वाढवायची. तळाचे अस्तर आणि शेवटचे आच्छादन यांसाठी आणखी काही टक्के धरायचे (वीस मीटर उंचीच्या भरावाला साडेबारा टक्के). कुजणारा कचरा कालांतराने खचतो, म्हणून त्यापोटी दहा टक्के वजा करायचे. आलेल्या आकारमानाला उंचीने भागायचे आणि रस्ते, वजनकाटा, सांडपाण्याचे टाके यांसाठी पंधरा टक्के जागा जास्त घ्यायची.

समजा, एखाद्या शहरातून रोज १०० टन कचरा भरावाला जातो आणि हा आकडा वाढत नाही. वीस वर्षांत ७.३ लाख टन होतात, म्हणजे सुमारे ८.६ लाख घनमीटर. माती, अस्तर आणि खचणे यांची बेरीज-वजाबाकी करून हा आकडा साधारण ९.७ लाख घनमीटरवर जातो. वीस मीटर उंचीने भागल्यावर पाच हेक्टरच्या आत आणि वाढीव जागेसह साडेपाच हेक्टर लागतात. आता त्याच शहराने ओला कचरा खताला, सुका भंगाराला लावला आणि भरावाला रोज २० टनच गेले, तर गरज एक हेक्टरच्या थोडी वर येते. (लहान भरावाला तेवढी उंची गाठता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात जागा थोडी जास्त लागते.) जमिनीच्या शोधात जिल्हाधिकारी कार्यालयाला घातलेल्या हेलपाट्यांइतकीच मेहनत घंटागाडीवरच्या वर्गीकरणावर घेतली, तर अधिक क्षमता हाती लागते, हे या गणितातूनच दिसते. तरीही बहुतेक पालिकांच्या अंदाजपत्रकात वाहतुकीचा खर्च मोठा आणि प्रक्रियेचा लहान असतो.

गणित सोपे असले तरी त्यात घालायचे आकडे सोपे नसतात. वजनकाट्यावर जे चढते त्याला कचरा म्हणतात. कंत्राटदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर बांधकामाचा राडारोडा आणि गटारातला गाळही कचऱ्यात बसतो. पावसाळ्यात भिजलेला कचरा उन्हाळ्यापेक्षा जड भरतो. काटाच नसलेल्या गावांत गाडीच्या फेऱ्या मोजून टनांचा अंदाज बांधतात. अशा आकड्यांवर वीस वर्षांचा आराखडा उभा राहिला, की जागा एकतर आठव्या वर्षीच संपते किंवा गरज नसताना मोठी मागितली जाऊन विरोधाला निमंत्रण देते.

नियमांची चौकट

पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांनी १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेतून या विषयाला देशपातळीवर तोंड फुटले. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर २०००चे नगरपालिका घनकचरा नियम आले आणि त्यांची जागा २०१६च्या नियमांनी घेतली. एप्रिल २०२६पासून त्यांच्याही जागी नवे नियम आले. २०१६च्या नियमांनुसार भरावभूमी नदीपासून १०० मीटर, तर तलाव, महामार्ग, वस्ती, उद्यान आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांपासून २०० मीटर लांब हवी होती. विमानतळापासून २० किलोमीटरचे अंतर सांगितले होते, कारण कचऱ्यावर घारी आणि कावळे जमतात. तळाला ९० सेंटीमीटर चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचे एचडीपीई (एक प्रकारचे टणक प्लास्टिक) अस्तर हवे होते. रोजच्या कचऱ्यावर किमान १० सेंटीमीटर मातीचा थर आणि पावसाळ्याआधी ४० ते ६५ सेंटीमीटरचे मधले आच्छादन घालावे लागे. जागा वीस-पंचवीस वर्षे पुरेल एवढी असावी आणि बंद केल्यावर पंधरा वर्षे तिची देखभाल करावी, असेही हे नियम सांगत.

यातली सर्वांत महत्त्वाची तरतूद जमिनीची नव्हती. जे कुजत नाही, पुन्हा वापरता येत नाही, जळत नाही आणि रासायनिक क्रिया करत नाही, एवढेच भरावाला न्यावे, असे नियमांत होते. दर किलोला १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून अधिक उष्मांक असलेला कचरा पुरायला मनाई होती. या तरतुदीची अंमलबजावणी झाली असती, तर राज्यातल्या निम्म्या कचरा डेपोंचे वाद उद्भवलेच नसते.

पाच लाख किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या संस्थांनी मिळून प्रादेशिक भरावभूमी उभारावी, हीही नियमांचीच सूचना. कागदावर ती शहाणपणाची आहे, कारण अस्तर, लीचेट म्हणजे झिरपणाऱ्या पाण्यावरची प्रक्रिया आणि वायू गोळा करण्याची व्यवस्था लहान नगरपरिषदेला एकटीला परवडत नाही. अडते ते एकाच प्रश्नावर : चार गावांचा कचरा पाचव्या गावाने का घ्यायचा?

तुलनेसाठी कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेता येईल. तिथल्या १९८९च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला (जिल्ह्यासारख्या विभागाला) किमान पंधरा वर्षे पुरेल एवढी विल्हेवाट क्षमता दाखवणारा आराखडा करायला लावले आणि त्याच कायद्यात २०००पर्यंत निम्मा कचरा भरावापासून वळवण्याचे बंधन घातले. जागा किती उरली आणि आवक किती घटली, हे दोन्ही एकाच वहीत लिहावे लागते.

मुंबई

मुंबईची गोष्ट प्लेगपासून सुरू होते. १८९६च्या साथीनंतर शहराचा कचरा बेटाबाहेर न्यायचे ठरले आणि चेंबूर-देवनारच्या दलदलीची जमीन घेतली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे रेल्वेने कचरा जाऊ लागला. देवनार क्षेपणभूमीचे अधिकृत साल १९२७ सांगतात. सुमारे १३२ हेक्टरच्या या जागेत ना अस्तर होते, ना वायूच्या नळ्या. खाडीत भर घालून जमीन मिळवणे हाच त्या काळी फायद्याचा सौदा मानला जाई. पुढे मुलुंड (साठच्या दशकाची अखेर, सुमारे २४ हेक्टर) आणि गोराई (१९७२, सुमारे २० हेक्टर) या जागांची भर पडली. तीनही जागा निवडताना शहराची हद्द आणि खाडी एवढेच निकष होते. किती वर्षे पुरतील हा प्रश्न विचारल्याची खूण त्यांच्या रचनेत सापडत नाही.

त्यातली गोराईची जागा नीट बंद झाली. २००७च्या अखेरीस तिथे कचरा टाकणे थांबले. सरासरी २६ मीटर उंचीच्या सुमारे २३ लाख टनांच्या ढिगाला उतार देऊन, वर अस्तर आणि माती घालून, मिथेन (कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा ज्वलनशील वायू) गोळा करण्याच्या विहिरी खोदल्या गेल्या. मिथेनच्या कार्बन क्रेडिटपोटी (हवेत जाणारा वायू रोखल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या श्रेयापोटी) आशियाई विकास बँकेकडून आगाऊ रक्कमही घेतली. तंत्रदृष्ट्या काम चांगले झाले. नियोजनाच्या बाजूने पाहिले तर मात्र गोराईला जाणाऱ्या गाड्या दुसऱ्या जागांकडे वळल्या, एवढेच घडले.

देवनारच्या बाबतीत पालिका वर्षानुवर्षे उच्च न्यायालयाकडून मुदतवाढ घेत राहिली. भरावाची क्षमता संपली आहे हे तिनेच मान्य केले होते, पण गाड्या थांबवायला दुसरी जागा नव्हती. २०१६च्या जानेवारीअखेर देवनारला मोठी आग लागली. धूर कित्येक दिवस टिकला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि नासाच्या उपग्रहचित्रांतही तो दिसला. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की कचऱ्याची व्यवस्था नियमांप्रमाणे होत नाही तोवर नव्या इमारतींच्या बांधकामाला परवानगी देऊ नये. पुनर्विकासासारख्या कामांना सूट राहील. भरावभूमीची क्षमता आणि शहराची वाढ यांचा संबंध एवढ्या उघडपणे जोडणारा आदेश देशात क्वचितच निघाला असेल. एरवी विकास आराखड्यात चटईक्षेत्र एका खात्याने वाढवायचे आणि त्या वाढीव घरांचा कचरा दुसऱ्या खात्याने निस्तरायचा, असाच शिरस्ता. बांधकाम व्यावसायिक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०१८मध्ये बंदीला सशर्त स्थगिती मिळाली. राडारोडा भरावभूमीवर न टाकता परवानगी असलेल्या अन्य जागी न्यावा, ही मुख्य अट होती. तेव्हापासून राडारोड्याची विल्हेवाट कुठे होणार, हे बांधकाम परवानगीच्या कागदांतच दाखवावे लागू लागले. एका अर्थी न्यायालयाने पालिकेचे नियोजन करून दिले.

दरम्यान पालिकेने आवक कमी करण्याचा मार्गही धरला. २०,००० चौरस मीटरहून मोठ्या किंवा रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्या, हॉटेले आणि आस्थापनांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा नियम २ ऑक्टोबर २०१७पासून लागू केला. २०१०नंतरच्या दशकाच्या मध्यात रोज नऊ हजार टनांच्या वर सांगितली जाणारी आवक पुढे सात हजारांच्या आसपास आली, असे पालिकेचे आकडे सांगतात. त्यात किती वाटा सोसायट्यांच्या खतखड्ड्यांचा आणि किती वजनकाट्यावरून वेगळ्या झालेल्या राडारोड्याचा, हे सांगणारा हिशेब लोकांपुढे स्वच्छपणे आलेला नाही. नोटिसा मिळाल्या की खड्डे खोदायचे आणि तपासणी झाली की कचरा पुन्हा पालिकेच्या कॉम्पॅक्टर गाडीच्या हवाली करायचा, हे मुंबईत सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

मुलुंड २०१८च्या ऑक्टोबरपासून बंद आहे. तिथल्या ७० लाख टन जुन्या कचऱ्याचे बायोमायनिंग, म्हणजे उकरून, चाळून माती, प्लास्टिक, दगड वेगळे करण्याचे काम, सहा वर्षांत संपायचे होते. तेही मुदतीत झाले नाही. शहराचा बहुतांश कचरा आता कांजूरमार्गला जातो. १४१ हेक्टरच्या या जागेपैकी खारफुटीचा भाग वगळून उरलेल्या भागात बायोरिअॅक्टर पद्धतीचा भराव चालतो. बंदिस्त कोठ्यांत ओलावा राखून कचरा लवकर कुजवायचा, वायू काढायचा आणि खचलेली जागा पुन्हा वापरायची, अशी ती रचना असून मुंबईत पहिल्यांदाच २५ वर्षांच्या करारावर क्षमता आखली गेली. पण पाया डळमळीत निघाला. मे २०२५मध्ये उच्च न्यायालयाने सुमारे १२० हेक्टर जमीन संरक्षित वनातून वगळण्याची २००९ची अधिसूचनाच बेकायदा ठरवली आणि पालिकेला तीन महिन्यांची मुदत दिली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. रहिवाशांची दुर्गंधीची तक्रार स्वतंत्रपणे चालूच आहे. कांजूर, विक्रोळी आणि भांडुपच्या पूर्वेकडच्या घरांत संध्याकाळी खिडक्या लावून बसावे लागते. पर्यायी जागा म्हणून राज्य सरकारने अंबरनाथ तालुक्यातल्या करवले येथे आणि ऐरोलीजवळ जमीन दाखवली होती, पण अतिक्रमण, भूसंपादन आणि स्थानिक विरोध यांतून ती क्षमता कागदावरून जमिनीवर उतरली नाही.

इतर शहरे

पुण्याचा कचरा आधी कोथरूडला जाई, मग उरुळी देवाची-फुरसुंगीला. विहिरींचे पाणी नासल्याच्या तक्रारींवरून तिथल्या गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या, आणि प्रत्येक वेळी पुण्यातल्या पेठांत कुंड्या ओसंडल्या. त्या दबावातूनच पुण्यात विकेंद्रित प्रक्रिया प्रकल्पांना आणि कचरावेचकांच्या घरोघरच्या संकलनाला बळ मिळाले. छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाच्या औरंगाबादेत) २०१८च्या फेब्रुवारीत नारेगावच्या गावकऱ्यांनी डेपो बंद पाडला. पालिकेकडे दुसरी जागा नसल्याने शहरभर ढीग साचले. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या नेल्या तेव्हा दगडफेक, जाळपोळ, लाठीमार झाला. आयुक्तांची बदली झाली आणि पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले. क्षमता शून्यावर आली की काय होते, याचे राज्यातले हे सर्वांत ठसठशीत उदाहरण. याउलट नवी मुंबईने कोपरखैरण्याची जुनी कचराभूमी झाकून तिच्यावर निसर्ग उद्यान केले आणि तुर्भे येथे अस्तर असलेल्या कोठ्या टप्प्याटप्प्याने बांधल्या. आखीव शहराला मोकळी जमीन आधीपासून हाताशी होती, हा त्यातला फरक विसरता येत नाही.

जुनी जागा मोकळी करणे

नवी जमीन मिळत नाही म्हणून अलीकडे जुने ढीग उकरून क्षमता परत मिळवण्यावर भर आहे. मुंबईत देवनारच्या सुमारे १८५ लाख टन कचऱ्यासाठी २०२५मध्ये दोन हजार कोटींहून मोठी निविदा निघाली. मात्र मोकळी होणारी सगळी जागा भरावासाठी परत मिळणार नाही. २०२४मध्ये राज्य सरकारने देवनारची १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकास प्रकल्पाला देण्याचे ठरवले. शिवाय चाळल्यावर निघणाऱ्या मातीला घेणारा शोधावा लागतो, जळाऊ भागाला सिमेंट भट्टी लागते, आणि कशालाच न चालणारा उरलेला भाग पुन्हा अस्तर घातलेल्या कोठीतच पुरावा लागतो. मुंबई महापालिकेकडे अशी चालू कोठी सध्या कांजूरमार्गलाच आहे.