डेमो ट्रॅक्टर : शेतावर नेण्यापूर्वी आणि विकत घेण्यापूर्वी

विकत घेण्यापूर्वी शेतात चालवून बघायला आम्ही विक्रेते जो ट्रॅक्टर देतो, तो डेमो ट्रॅक्टर. तो शेतावरून परत आला की इंजिन आणि टायर नंतर, आधी आम्ही गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची पट्टी, बाहेर काढतो. तेल दुधाळ दिसलं तर ट्रॅक्टर तिथेच थांबतो आणि पुढच्या शेतकऱ्याला ठरलेली तारीख पाळता येत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं : शेतकऱ्याने स्वतःच्या ट्रॉलीचा पाइप डेमो ट्रॅक्टरला जोडलेला असतो. ‘त्यात काय होतं?’ हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून आधी त्याचं उत्तर.

ट्रॉलीचा पाइप

बहुतेक ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शियल, तेलातले ब्रेक आणि लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी यंत्रणा) या सगळ्यांना मिळून एकच तेल असतं. मध्यम ताकदीच्या ट्रॅक्टरमध्ये ते साधारण 40 ते 60 लिटर भरतं. ट्रॉली उचलताना यातलंच तेल पाइपातून ट्रॉली उचलणाऱ्या जॅकमध्ये जातं आणि ट्रॉली खाली बसली की त्याच पाइपातून ट्रॅक्टरमध्ये परत येतं. येताना जॅकच्या तळाशी आणि पाइपात साचलेलं सगळं घेऊन येतं : टोपण नसलेल्या तोंडातून शिरलेलं पावसाचं पाणी, माती, गंज, कधी पूर्वी कोणीतरी ओतलेलं इंजिन ऑइल.

पाण्याने तेल दुधाळ होतं आणि बेअरिंग गंजतात. बारीक मातीने पंप आणि कंट्रोल व्हॉल्व्हला चरे पडतात. मग उचललेलं अवजार जागेवर थांबत नाही, हळूहळू खाली येतं. चुकीचं तेल मिसळलं की तेलातले ब्रेक आवाज करतात किंवा झटक्याने धरतात, कारण त्या ब्रेकसाठी लागणारे घटक इंजिन ऑइलमध्ये नसतात. फिल्टर तुंबला की लिफ्ट मंदावते आणि पंप रडू लागतो.

एका ट्रॉलीतून येणारं लिटर-दीड लिटर तेल किरकोळ वाटतं, हे खरं आहे. पण तुमचा स्वतःचा ट्रॅक्टर एक-दोन ट्रॉल्यांनाच जोडला जातो. डेमो ट्रॅक्टर एका हंगामात अनेकांच्या ट्रॉल्यांना जोडला गेला तर सगळ्यांची घाण एकाच ठिकाणी गोळा होते. दुरुस्ती म्हणजे सगळं तेल काढणं, फिल्टर बदलणं, जाळी धुणं, नवं तेल भरून ट्रॅक्टर चालवणं. पाणी जास्त गेलं असेल तर एवढ्याने भागत नाही. कोपऱ्यांत राहिलेल्या पाण्याने नवं तेलही पांढरं पडतं आणि ते पुन्हा काढावं लागतं. म्हणूनच आम्ही अनामत घेतो, आणि तेल खराब होऊन आलं तर तेल-फिल्टरचा खर्च त्यातून वळता करतो. मजुरी लावत नाही.

पलटी नांगराचा फाळ उलटवणाऱ्या सिलिंडरलाही हेच लागू आहे. त्याच्या एका बाजूला तेल नेहमी भरलेलंच असतं आणि पहिल्याच पलटीला ते ट्रॅक्टरमध्ये येतं.

स्वतःची ट्रॉली किंवा पलटी नांगर लावूनच बघायचा असेल तर तो एक दिवस आधी आमच्याकडे आणा. आम्ही पाइप सोडवून धुतो, वेगळ्या पंपाने स्वच्छ तेल भरून जॅक दोनदा वरखाली करतो आणि ते तेल बादलीत काढून टाकतो. घरीच करणार असाल तर ट्रॉली रिकामी करून पूर्ण खाली बसवा आणि मगच पाइप जॅकच्या बाजूने सोडवा. कपलरच्या (पाइप ट्रॅक्टरला जोडायच्या तोंडाच्या) टोकाला झडप असते, तिथून तेल आपोआप निथळत नाही. ट्रॉली वर असताना पाइप सोडू नका आणि भक्कम टेकू दिल्याशिवाय तिच्याखाली हात घालू नका.

जोडताना इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून पाइपातला दाब घालवा. दोन्ही कपलर स्वच्छ कापडाने पुसा. कपलर बसत नसेल तर हातोडी मारू नका, आत दाब अडकलेला असतो. परत करताना ट्रॉली खाली बसवूनच पाइप काढा. अर्धी वर असताना काढलात तर ट्रॅक्टरचं तेल जॅकमध्येच राहतं. मोठ्या जॅकमध्ये ते 10 लिटरहून जास्त असू शकतं, आणि तेवढं तेल कमी झालं की पंप हवा ओढतो.

फक्त डंपिंग बघायचं असेल तर आमची ट्रॉली आहे, तीच लावून बघा.

शेतात काय तपासावं

रस्त्यावर पळवून ट्रॅक्टर कळत नाही. तुमचं सगळ्यात जड अवजार, तुमचा सगळ्यात चिवट तुकडा आणि जमीन वाफशावर असताना तीन-चार तास काम, एवढं पुरतं.

निघण्यापूर्वी तुमच्या अवजाराच्या पिना मोजून सांगा. खालच्या पिना 22 मिमी आणि टॉप लिंकची (वरच्या जोडदांड्याची) 19 मिमी असेल तर कॅटेगरी एक, म्हणजे जोडणीचं लहान माप. 28 आणि 25 मिमी असेल तर कॅटेगरी दोन. पिना जुळत नसतील तर बुश आम्ही देतो. रोटाव्हेटर लावणार असाल तर शाफ्टची लांबी नव्या ट्रॅक्टरवर पुन्हा तपासायला हवी. अवजार वरखाली करताना शाफ्ट सगळ्यात आखूड होईल त्या जागीही आत निदान 25 मिमी मोकळीक राहिली पाहिजे, नाहीतर तो थेट पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टच्या) बेअरिंगवर दाबतो. आणि सगळ्यात लांब होईल तिथे दोन्ही नळ्या एकमेकींत पुरेशा गुंतलेल्या हव्यात.

चाकांची घसर जरूर मोजा. मागच्या टायरवर खडूने खूण करा. त्याच जमिनीत, त्याच गिअरमध्ये अवजार उचलून टायरचे 10 फेरे चाला आणि अंतर मोजा. मग अवजार लावून तेवढेच फेरे. समजा आधी 40 मीटर भरले आणि नंतर 35, तर घसर साडेबारा टक्के. घट्ट जमिनीत 8 ते 15 टक्के ठीक आहे. त्याहून जास्त असेल तर वजन, टायरची हवा किंवा नांगराची खोली बदलून पुन्हा मोजा. खूपच कमी आली तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे आणि ते वजन ओढण्यात डिझेल जातंय. डिझेलचा हिशोब करायचा तर एकाच सपाट जागी टाकी काठोकाठ भरा, कामानंतर त्याच जागी मापाने पुन्हा भरा. टाकीच्या काट्यावर जाऊ नका.

ट्रॅक्टरसोबत आमचा माणूस येतो, तो पहारा द्यायला नव्हे. ड्राफ्ट कंट्रोल (ओढीच्या ताणानुसार अवजार आपोआप वरखाली करणारी सोय) तुमच्या जमिनीला जुळवून देणं हे त्याचं काम. ते जुळलं नाही तर चांगला ट्रॅक्टरही कमजोर वाटतो. परत देताना चाकांची आणि अवजाराची माती आपल्याच बांधावर धुवा. तणाचं बी आणि जमिनीतले रोग मातीबरोबर दुसऱ्याच्या शेतात जातात.

डेमो ट्रॅक्टर विकत घेताना

हंगामाच्या शेवटी आम्ही डेमो ट्रॅक्टर विकतो. पहिला प्रश्न येतो तो मीटरच्या तासांचा, पण नुसत्या तासांवर जाऊ नका. केबलवर चालणारं मीटर इंजिनच्या फेऱ्या मोजतं, त्यामुळे कमी आरपीएमवर तासभर चाललेल्या ट्रॅक्टरचा तास मीटरवर पुरा भरत नाही. शिवाय नव्या इंजिनला काम लागतं. सुरुवातीचे तास नुसतं मंद गतीवर सुरू ठेवलेलं इंजिन रिंगा नीट बसवून घेत नाही, लायनर गुळगुळीत होतो आणि पुढे ते ऑइल खातं. 200 तास नांगरट केलेला ट्रॅक्टर 60 तास मैदानात घुरघुरत उभ्या असलेल्यापेक्षा चांगला निघू शकतो. इंजिन थंड असताना येऊन स्वतः सुरू करा आणि काम देऊन निळा धूर येतो का बघा. 50 तासांची पहिली सर्व्हिस वेळेवर झाल्याची नोंदही मागा.

डेमोत सगळ्यात जास्त मार बसतो तो क्लचला, कारण चालवणारे हात बदलत राहतात. समोर मोकळी जागा ठेवून हँडब्रेक ओढा, वरचा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. सुरूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करा. आमच्याकडे विक्रीपूर्वी क्लच तपासून, गरज असेल तर प्लेट बदलूनच ट्रॅक्टर देतो. किमतीत थोडा फरक दिसतो तो त्यामुळे.

वॉरंटीचे महिने कुठल्या तारखेपासून मोजायचे, डेमोत लावलेली पुढची वजनं ट्रॅक्टरसोबत येणार की नाही आणि टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलंय का, हे कुठेही घेतलंत तरी विचारा. आम्ही या तिन्ही गोष्टी बिलावर लिहून देतो, आणि बिल करण्याआधी तोच ट्रॅक्टर तुमच्या अवजारासह अर्धा दिवस चालवायला देतो.