रांगेतलं एक झाकण

पाच वर्षांचा मुलगा फरशीवर बाटल्यांची झाकणं रांगेत लावत बसलाय. शेजारी आई. "हा कुठला रंग? किती झाली रे? मला देतोस एक?" तो मान वर करत नाही. आई आवाज चढवते, तो पाठ फिरवतो. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं, मूल ज्या घरांत आहे तिथे हे दृश्य ओळखीचं असेल.

आता समजा, कुणीतरी याचा व्हिडिओ घेतला आणि नंतर आईबरोबर बसून तो पाहिला. मध्येच एका जागी आई गप्प झालीय. तिनं नुसतं एक झाकण त्याच्या रांगेच्या टोकाला ठेवलं आणि त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. व्हिडिओ तिथे थांबवायचा आणि विचारायचं, "इथे तुम्ही काय केलंत?"

ब्रिटनमध्ये ही पद्धत स्पीच थेरपिस्ट वापरत. आपल्याकडे तेवढे थेरपिस्ट आणायचे कुठून? म्हणून गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना ती शिकवली गेली. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं, सहा महिन्यांत बारा बैठका. निष्कर्ष २०१६ मध्ये वैद्यकीय नियतकालिक 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आले. आईवडील मुलाच्या कलानं प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करायला लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. अभ्यास छोटाच होता. तरीही मला तो फार मोलाचा वाटतो, कारण आईला तिच्या चुका दाखवण्याऐवजी तिला आधीच जमलेलं तो तिच्यासमोर ठेवतो.

याचं महत्त्व कळायला थोडं मागे जावं लागेल. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचं वर्णन केलं. पुढे कितीतरी वर्षं 'आईच्या मायेत ओलावा नाही, म्हणून मूल असं झालं' हे डॉक्टरच सांगत राहिले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं ते खोडून काढलं. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. १९७७ मध्ये जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला. दोष आईचा नव्हताच. पण आपल्या घरांतून "तूच लाडावून ठेवलंयस" अजून गेलेलं नाही, आणि दिवसभर मुलामागे धावलेल्या बाईला रात्री हे वाक्य ऐकावं लागतं. याची मला खरोखर चीड येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पालक-प्रशिक्षणात नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटी असतात, आणि त्यात पालकांच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्यालाही जागा दिलेली आहे. घरात याचा अर्थ साधा आहे: आठवड्यातले काही तास बाबांनी मुलाला एकट्यानं सांभाळायचं आणि त्या वेळात आईला कुठलंही काम सांगायचं नाही. व्हिडिओ पाहायला आजीलाही बसवायचं.

आणि धाकटी बहीण? तिला "दादा आजारी आहे" असं सांगू नये, ते खरंही नाही. मिक्सरचा आवाज त्याला आपल्यापेक्षा फार मोठा लागतो, म्हणून तो कान दाबतो, एवढं सांगितलं की चार वर्षांच्या मुलीलाही कळतं. मग मिक्सर लावायच्या आधी तीच त्याला हाक मारून सांगते.