टायटॅनिक विक्रमासाठी धावत नव्हती

अटलांटिक सर्वांत वेगाने पार करण्याचा विक्रम मोडायच्या नादात टायटॅनिक हिमनगावर आदळली, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. १९१२ मध्ये हा विक्रम क्युनार्ड कंपनीच्या मॉरेटानिया या जहाजाकडे होता, सरासरी सुमारे २६ नॉट (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी). टायटॅनिकची धाव फार तर २३-२४ नॉटपर्यंत. टायटॅनिकच्या मालक व्हाइट स्टार कंपनीने भर दिला होता तो ऐसपैस जागेवर आणि आरामावर. शिवाय २९ पैकी ५ बॉयलर पेटवलेलेच नव्हते.

म्हणून टायटॅनिकचे कॅप्टन स्मिथ निर्दोष ठरत नाहीत. वायरलेसवर हिमनगांचे इशारे येऊनही जहाज सुमारे २२ नॉटने जात होतं. हवा स्वच्छ असेल तर वेग कमी करायचा नाही, ही तेव्हाची घातक रीतच होती. दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये झालेल्या लॉर्ड मर्सी यांच्या चौकशीत इतर कॅप्टनांनीही तशीच साक्ष दिली.