रानगुलाबाचे तेल आणि त्यात नसलेले क जीवनसत्त्व

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आटोपून औषधांच्या दुकानात शिरलो, तर काउंटरवर तीन वस्तू ओळीने मांडलेल्या: रोझहिपचे तेल, रोझहिपच्या कॅप्सुला आणि रोझहिपचा चहा. तिन्हींवर तेच लाल बोंड आणि तिन्हींवर क जीवनसत्त्वाची जाहिरात. यातला तेलाचा दावा चुकीचा आहे आणि चहाचा अर्धामुर्धा. हे जीवनसत्त्व या फळाला कसे चिकटले, त्याची ही हकीकत.

पाकळ्या गळल्यावर देठावर उरते ते गुलाबाचे फळ म्हणजे रोझहिप. आपल्या अंगणातल्या गुलाबावर ते क्वचितच दिसते, कारण फूल देवासाठी आधीच खुडले जाते. औषधासाठी मुख्यतः वापरतात ते युरोप, वायव्य आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या एका रानगुलाबाचे बोंड. त्या झाडाचे तिकडचे नाव 'कुत्रा गुलाब'. कुत्रा चावल्यावर त्याचे मूळ गुणकारी, असा जुना रोमन समज त्यामागे सांगतात. आपल्याकडची गुलाबाची ख्याती पाकळीची, गुलकंदाची आणि गुलाबपाण्याची. गोव्याच्या जांभ्या सड्यावर हे झाड नाही; त्याला थंडी लागते.

बोंडाचे दिवस पालटले ते दुसऱ्या महायुद्धात. जर्मन पाणबुड्यांनी सागरी वाहतूक रोखल्यावर ब्रिटनमध्ये संत्री मिळेनाशी झाली आणि लहान मुलांना क जीवनसत्त्व कुठून द्यायचे हा प्रश्न आला. ताज्या रानबोंडात ते १०० ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅमच्या आसपास असू शकते. संत्र्यात ५० ते ५५. १९४१ पासून सरकारी हाकेवर शाळकरी मुले आणि बायका कुंपणाकुंपणाने बोंडे खुडू लागल्या, वजनावर पैसे मिळत आणि त्याचे सरबत बाटल्यांतून मुलांना जाई. (त्याच पाणबुडी युद्धाचा एक धागा आपल्या मुरगावपर्यंत येतो. बंदरात आसरा घेतलेल्या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना बातम्या जातात, या संशयावरून मार्च १९४३ मध्ये तिथे छुपा हल्ला झाला होता.)

सरबताच्या घरगुती कृतीत दोन गोष्टी बजावून सांगितल्या जात. पाणी आधी उकळून घ्यायचे आणि कुटलेली बोंडे लगेच त्यात टाकायची, कारण रेंगाळले की जीवनसत्त्व जाते. आणि रस एकदा नव्हे, दोनदा गाळायचा. वाळके बोंड सुरीने उभे चिरून पाहिले की कारण कळते: आत बिया आणि त्यांना वेढून काचेच्या तंतूंसारखी बारीक लव. ती घशाला लागली की खाज सुटते. पोरे एकमेकांच्या मानेत ती टाकून खाजकुयलीसारखी गंमत करत. म्हणजे त्या काळी सगळे लक्ष गरावर होते. बिया फेकून द्यायच्या.

तेल निघते ते याच बियांतून, आणि गोंधळ इथून सुरू होतो. दक्षिण अमेरिकेत युरोपियनांनी नेलेला दुसराच एक रानगुलाब चिलीत डोंगरउतारांवर माजला. त्याला तिथे 'मोस्केता', म्हणजे कस्तुरी गुलाब म्हणतात, मात्र शास्त्रीय नावाने जो कस्तुरी गुलाब ओळखला जातो तो तिसराच. १९८० च्या दशकात चिलीत व्रणांवर आणि सुरकुत्यांवर या तेलाचे प्रयोग झाले आणि बाटली जगभर गेली. जाताना तिने बोंडाची युद्धातली पुण्याई बरोबर नेली. पण क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते, तेलात नाही. बिया दाबून काढलेल्या तेलात ते उतरणार कसे? तेलाचे खरे भांडवल लिनोलेइक आणि लिनोलेनिक ही मेदाम्ले. कोरडी त्वचा मऊ राहते ती त्यांच्यामुळे. सुरकुत्यांसाठी डॉक्टर लिहून देतात ते ट्रेटिनॉइन या तेलात 'नैसर्गिकरीत्या' असल्याचाही दावा होतो. ते सापडले तरी अगदी अल्प प्रमाणात. त्याला औषधाची मात्रा म्हणता येत नाही. माझ्या मते दुकानदारांनी 'ट्रेटिनॉइन' हा शब्द तरी सोडून द्यावा. शिवाय तेलातली हीच मेदाम्ले हवेने लवकर खराब होतात. आपल्या मे महिन्यात उघडी राहिलेली बाटली खवट वास मारू लागते. टाचांच्या भेगांना आजी कोकमाचे मुठेल लावायची. ते गोळ्यासारखे घट्ट, वर्षभर फडताळात राही.

चहाचे निराळेच. बोंडाच्या काढ्याचा रंग फिका, तांबूस. पाकिटातल्या चहाला लालभडक रंग देते ती बहुतेक वेळा 'हिबिस्कस', म्हणजे आपली लाल अंबाडी. (आंबाडे नव्हे, ते वेगळे झाड, हे गोंयकारांना सांगायला नको.) वाळवण आणि उकळी यांतून जीवनसत्त्व किती शिल्लक राहते ते पाकिटावर लिहीत नाहीत.

कॅप्सुलांची बाजू त्यातल्या त्यात भक्कम. डेन्मार्कमध्ये बिया-सालींसकट दळलेल्या बोंडांच्या भुकटीवर संधिवाताच्या चाचण्या झाल्या. २००८ मध्ये अशा ३ चाचण्या, एकूण २८७ रुग्ण, एकत्र तपासले तेव्हा दुखण्यात थोडा उतार दिसला. त्वचेवरची एक चाचणी अवघ्या ३४ जणांवर, ८ आठवड्यांची. तिच्यावरून फार काही म्हणणे धाडसाचे. सांध्यांच्या चाचण्यांत सहसा दिवसाला ५ ग्रॅम भुकटी दिली होती. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सुलांनी तेवढे गाठायचे तर रोज १० गिळाव्या लागतील.