सीसी बघून गाडी ठरवू नका: नवशिक्या पोरांना मर्यादा हवी, पण नेमकी कशाची?

यंदा भाऊबीजेला चिंचवडला ताईकडे गेलो होतो. ओवाळून झालं, पाटावरून उठतोय तोवर भाच्याने मोबाईल पुढे केला. मामा ही बघ, सेकंड हँड ३९० ड्यूक, जुन्या इंजिनाची, ३७३ सीसीवाली, एकदम टकाटक आहे. पोरगा नुकताच अठराचा झालाय, पक्कं लायसन हातात येऊन तीन आठवडे झालेत. दाजी म्हणाले, साडेतीनशेच्या वर अजिबात नाही, सरकारनेच रेघ मारलीय बघ जीएसटीची, ३५० पर्यंत १८ टक्के आणि त्यावर ४०. ताई म्हणाली मला तर साडेतीनशेपण नको, एकवीस वर्षांच्या आतल्या पोरांना दीडशेच्या वर गाडी द्यायचीच नाही असा कायदाच करायला पाहिजे.

तर पहिली गोष्ट, सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली ती ३५० ची रेघ कराची आहे, सुरक्षेची नाही. आणि दुसरी गोष्ट, ताईचं म्हणणं मला मनापासून पटतं की नव्या पोराच्या हातात पहिल्याच महिन्यात ३९० देऊ नये, पण सीसी हे त्याचं माप नाही. आपल्याकडे सगळेच सीसी म्हणजे ताकद असं धरून चालतात, शोरूममध्येपण आणि कायद्यातपण. ते का चुकतं ते जरा आकडे घेऊन सांगतो, कारण मेकॅनिकलला शिकत असताना मला सगळ्यात जास्त आवडलेलं गणित हेच आहे.

सीसी म्हणजे फक्त जागा. सिलिंडरमध्ये पिस्टन खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो तेवढे घन सेंटिमीटर, बस. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर, पिस्टनचा प्रवास म्हणजे स्ट्रोक. आताची बुलेट ३५० घ्या, बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ८५.८ मिमी. शाळेतलं दंडगोलाच्या घनफळाचं सूत्र लावा, ३४९ सीसी येतं. ३९० च्या जुन्या इंजिनाचा बोअर ८९ आणि स्ट्रोक ६०, म्हणजे ३७३ सीसी. दोन्हींत फरक फक्त २४ सीसीचा, चहाच्या दोन घोटांएवढा. पण बुलेटची ताकद साधारण १५ किलोवॅट आणि ३९० ची ३२, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त! उलट यामाहाची आर१५ फक्त १५५ सीसीची आणि तिची ताकद साडेतेरा किलोवॅट, बुलेटच्या जवळजवळ बरोबरीने.

हे कसं होतं बघा. इंजिनाची ताकद दोन गोष्टींच्या गुणाकारातून येते, क्रँकला (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याला) मिळणारा पीळ म्हणजे टॉर्क, आणि तो पीळ मिनिटाला किती फेऱ्यांनी फिरतोय ते आरपीएम. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घेऊन आरपीएमने गुणा आणि ९५४९ ने भागा, किलोवॅट मिळतात. आता टॉर्क कशातून येतो? पिस्टनवर जळत्या वायूचा जो दाब बसतो त्याची सरासरी गुणिले सिलिंडरची जागा. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो म्हणून तो गुणाकार ४π ने (π म्हणजे ३.१४) भागायचा. उलटं गणित केलं की सरासरी दाब काढता येतो, बुलेटचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क घेतला तर साधारण ९.७ बार येतो (एक बार म्हणजे जवळपास आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढा), आर१५ चा १४.२ घेतला तर ११.५, ३९० चा ३७ घेतला तर १२.५. म्हणजे काय, तर दाबात फरक आहे पण फार मोठा नाही, साधारण पाव पटीचा. हवा नुसती ओढून घेणाऱ्या, टर्बो म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा नसलेल्या इंजिनात हा दाब मनाला येईल तेवढा वाढवता येतच नाही, कारण आत जाणारी हवाच ठरलेली असते. बुलेटचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतला वायू किती पटीने दाबतो ते, ९.५ ला १ आणि वायू आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा म्हणजे व्हॉल्व्ह दोनच, बाकी दोघींना चार व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेशन जास्त, तेवढा फरक पडणारच. थोडक्यात, सीसीवरून टॉर्कचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. ताकदीचा नाही बांधता येत, कारण तिथे आरपीएम घुसतं.

आणि आरपीएम कुठे अडतं ते मला फार सुंदर वाटतं. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, परत थांबतो, सेकंदाला शेकडो वेळा. जेवढा प्रवास लांब तेवढा त्याच आरपीएमला पिस्टनला जास्त जोरात पळावं लागतं. पिस्टनचा सरासरी वेग काढायचा तर स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम भागिले ६०. बुलेटची कमाल ताकद ६१०० आरपीएमला मिळते, तिथे हा वेग येतो सेकंदाला १७.४ मीटर. ३९० ची ९००० ला मिळते, तिथे १८ मीटर. आर१५ ची १०,००० ला, तिथे साडेएकोणीस. बघितलंत? तिन्ही गाड्या स्वभावाने किती वेगळ्या, एक धकधक करत चालणारी, दुसरी चिरकणारी, पण पिस्टनला विचाराल तर तिघी जवळपास एकाच वेगाने पळतायत! कारण त्याच्या फार पुढे गेलं की पिस्टन, पिन, कनेक्टिंग रॉड यांच्यावरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून डिझाइन करणारा माणूस स्ट्रोक छोटा करतो, बोअर मोठा करतो, मोठ्या बोअरमध्ये मोठे व्हॉल्व्ह बसतात, वरच्या आरपीएमलापण सिलिंडर नीट भरतो, आणि तेवढ्याच सीसीतून दुप्पट ताकद निघते. बुलेटवाल्याने स्ट्रोक मुद्दाम लांब ठेवलाय, त्याला खालच्या आरपीएमला निवांत ओढणारी गाडी हवी होती. दोन्ही निर्णय बरोबरच आहेत, पण सीसीच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

टू-स्ट्रोक तर विचारूच नका. तिथे प्रत्येक फेरीला स्फोट. आरएक्स१०० आठवते का, ५० बाय ५० चं इंजिन, ९८ सीसी. स्प्लेंडरचं ५० बाय ४९.५, ९७ सीसी. कागदावर सख्ख्या बहिणी. पण स्प्लेंडरची ताकद ६ किलोवॅटच्या आसपास आणि आरएक्सची ८, वजनपण कमी, म्हणून आमच्या कॉलेजच्या काळात आरएक्सवाल्याने नुसता कान पिळला की पुढचं चाक हलकं व्हायचं. वजनाशी भागाकार केला तर आरएक्सला किलोमागे साधारण ८० वॅट मिळतात, आणि १९५ किलोच्या बुलेटला ७६! म्हणजे ताईच्या कायद्याने ९८ सीसीची जास्त चपळ गाडी पास होते आणि ३४९ सीसीची मवाळ गाडी नापास. आर१५ ला किलोमागे ९५ वॅट. ती ताईच्या दीडशेच्या रेघेत पाच सीसीने नापास होते, पण उद्या कंपनीने १४९ ची बनवली की पास.

आणि कंपन्या हेच करतात. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापासून शिकाऊ चालकांना २५० सीसीची मर्यादा होती. झालं काय तर जपानी कंपन्यांनी त्याच २५० मध्ये टू-स्ट्रोकची ताकद कोंबली, ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर पळणार असा दावा करणाऱ्या गाड्या कच्च्या लायसनवर रस्त्यावर यायला लागल्या. शेवटी १९८३ ला मर्यादा १२५ सीसीवर आणली, आणि महत्त्वाचं म्हणजे सोबत ताकदीचीपण अट घातली, ९ किलोवॅट. ऑस्ट्रेलियातपण बऱ्याच ठिकाणी नुसती २५० ची रेघ होती, नंतर त्यांनी ती बदलून ६६० सीसीपर्यंत आणि टनामागे १५० किलोवॅट असं केलं, त्यात चालवणाऱ्याचं वजन ९० किलो धरून. तेव्हा जुन्या नियमात बसणाऱ्या काही तिखट २५० टू-स्ट्रोक गाड्या बाहेर गेल्या. युरोपात जानेवारी २०१३ पासून पायऱ्याच आहेत, पहिली १२५ सीसी आणि ११ किलोवॅट, दुसरी ३५ किलोवॅट आणि किलोमागे २०० वॅट, आणि दुसरीवर दोन वर्षं काढल्यावर मोकळं लायसन, चोविशीच्या पुढच्यांना मात्र ते बऱ्याच देशांत थेटपण मिळतं. दुसऱ्या पायरीत सीसीची अटच नाही. म्हणून रॉयल एनफिल्डची ६४८ सीसीची इंटरसेप्टर त्यात बसते, ३५ ला अगदी चिकटून. आणि भाच्याला हवी असलेली ३९०, जी इथून तासाभरावर चाकणला बनते, तीपण तिकडे दुसऱ्या पायरीचीच गाडी आहे, पहिलीची नाही. जपानमध्ये आणि सिंगापूरमध्ये अजून मुख्यतः सीसीच्या पायऱ्या आहेत, पण पायऱ्या आहेत तरी.

आपल्याकडे काय आहे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सोळा वर्षांच्या पोराला ५० सीसीपर्यंतची गाडी चालवता येते, ही लुनाच्या जमान्यातली अट. आता ५० सीसीची पेट्रोल गाडी शोरूममध्ये दाखवा मला. सोळाची पोरं क्लासला ११० सीसीच्या स्कूटरवरून जातात, ट्रिपल सीट, हे आपण सगळेच बघतो. आणि अठरा पूर्ण झाली, आरटीओच्या मैदानात पाय न टेकवता आठ काढून दाखवला, की गिअरवाल्या गाडीचं एकच लायसन, त्यावर १०० सीसी चालवा नाहीतर १००० सीसी. मधे एकही पायरी नाही.

त्यात आता इलेक्ट्रिक आल्यात. त्यांचा सीसी किती? शून्य. पण मोटरला टॉर्क पहिल्याच फेरीपासून मिळतो, आरपीएम चढायची वाट बघावी लागत नाही. सीसीचा कायदा केला तर सगळ्यात जोरात उठणारी इलेक्ट्रिक बाईकपण त्यातून सुटते.

मग ताकदीने नेमका धोका कसा वाढतो? गाडी आणि माणूस मिळून जेवढं वजन, त्याला वेग द्यायला ऊर्जा लागते, अर्धा एम व्ही वर्ग, ते नववीचंच सूत्र. ६५ किलोचा पोरगा स्प्लेंडरवर बसला तर ताशी ६० गाठायला साधारण २५ किलोज्यूल लागतात. ६ किलोवॅटने ते भरायला कमीत कमी चार सेकंद. बुलेटला अडीच, ३९० ला हिशोबाने एकच सेकंद येतो, खरं तर एवढं टायरची पकडच देणार नाही, गिअरमध्येपण वेळ जातो, त्यामुळे प्रत्यक्षात सगळ्यांनाच जास्त लागतो. पण मुद्दा लक्षात घ्या, हे सेकंद म्हणजे चूक सुधारायला मिळालेला वेळ आहे. नवीन पोरगा घाबरला की मूठ सोडत नाही, आवळतो. स्प्लेंडरवर आवळली तर गाडी नुसती ओरडते, ३९० वर आवळली तर समोरचा ट्रक आलेला असतो. आणि हो, सायलेन्सर बदलून कानठळ्या बसवणारा आवाज काढला म्हणून ताकद वाढत नाही, तो आवाज फक्त आवाज असतो.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ताकदीची मर्यादा घातली म्हणून सगळं सुटेल असं नाहीये. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची, आणि आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त पळतात त्या साध्या १०० ते १२५ च्या गाड्याच. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली होती, १९८१ चा तो हर्ट रिपोर्ट. त्यात मोठ्या इंजिनाच्या गाड्या अपघातांत प्रमाणाने कमीच सापडल्या, पण ज्या सापडल्या त्यात मार जास्त गंभीर होता. आणि त्यातलं मला कधी विसरता येत नाही ते असं, की अर्ध्याहून जास्त चालकांना त्या विशिष्ट गाडीचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता, एरवी ते सरासरी तीनेक वर्षं बाईक चालवत होते तरी. ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. अपघाताच्या क्षणी मागचा ब्रेक दाबून चाक घासत नेणारे आणि पुढचा ब्रेक पुरेसा न वापरणारे, हेच जास्त.

पुढच्या ब्रेकची भीती तर आपल्याकडे घराघरात शिकवली जाते, पुढचा मारू नको पालथा होशील. अरे बाबांनो, ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर जातं, पकड तिथेच वाढते आणि मागचं चाक हलकं होतं. नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला जवळपास दीड-दोनपट अंतर लागतं. नव्या गाडीला लिंबू-मिरची आपण पहिल्या दिवशी बांधतो, पूजा करतो, चाकाखाली लिंबू चिरडतो, माझी श्रद्धेशी भांडण करायची इच्छा नाही पण चिरडलेल्या लिंबाने पकड वाढत नाही, आणि तेवढ्याच उत्साहाने पहिल्या दिवशी हेल्मेट घ्यायला कुणी जात नाही याचा मला खरंच त्रास होतो. आणि इथेपण सीसीची रेघ उलटी पडलीय बघा, २०१९ पासून लागू झालेल्या नियमात १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं केलं आणि खाली नुसतं सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी सोय, चालेल म्हटलं, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक (एबीएस) ज्या नवशिक्याला सगळ्यात जास्त हवा त्याच्या छोट्या गाडीला तो नसला तरी चालेल असं ठरलं.

मला विचाराल तर पहिली दोन वर्षं १५ किलोवॅट आणि किलोमागे १०० वॅट, सीसी कितीही असो. यात बुलेट बसते, आर१५ बसते, ३९० बसत नाही, आणि इलेक्ट्रिकलापण हेच माप लागतं. वरच्या पायरीसाठी वेगळी टेस्ट, आणि त्यात आठ काढण्याऐवजी ताशी ४० वरून जोरात थांबून दाखवायचं.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला मामा तू आधी मला थांबायला शिकव. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींची स्प्लेंडर घेऊन मोकळ्या मैदानात गेलो, खडूने रेघ मारली, टेप घेतली. नेहमीच्या सवयीने, मागच्या ब्रेकने, ४० वरून तो साडेपंधरा मीटरवर थांबला. मग पुढचा ब्रेक हळूहळू दाबत न्यायला शिकवला, झटका न देता. बाराव्या वेळेला टेप साडेनऊवर थांबली, आणि त्याने हेल्मेटची काच वर करून विचारलं, अजून कमी होईल का?